कोपऱ्यातली बॅग

३ जून
जाहिरात कंपनीत लागून आठवडा झाला. मास्तर – फोटो विभागाचे प्रमुख, जीभ करवतीसारखी – रोज एक जाहिरात समोर टाकतात, मालाच्या नावावर तळहात ठेवतात. “काय विकतायत?” म्हटलं, साबण. “साबण नाही बाई, शेजारणीची जळफळ!” खरंच की! मागच्या खिडकीत शेजारीण उभी होती. मला दिसलीच नव्हती.

९ जून
आता सगळीकडे दिसतं. आमचा लग्नाचा फोटो काढून बघितला. नवऱ्याच्या खांद्यावर हात सासूबाईंचा. मी कडेला, फुलदाणीसारखी! आठ वर्षं तेच. दोन खोल्यांत त्यांचा खोकला, त्यांचा रेडिओ. माझी आई नाही का दादाकडे गुपचूप राहत? नवऱ्याला म्हटलं, वृद्धाश्रम बघू या. “हा विषय पुन्हा नको.”
बघतेच!

१५ जून
आंधळा मागतो एक डोळा! वृद्धाश्रमाची जाहिरात आमच्याकडेच आली. मास्तर म्हणाले, “ही म्हातारीसाठी नसते, मुलासाठी असते. त्याला शांत झोप लागली पाहिजे.”
फोटोसाठी सासूबाईंनाच नेलं. हरखल्या! लिपस्टिक लावू का, विचारत होत्या. मांडणी सगळी माझी. चेहरा हसरा. समोर दुसरा कप – म्हणजे सोबत आहे. कोपऱ्यात बॅग, उघडी आणि रिकामी – म्हणजे रुळली, परत येत नाही. मुलगा कुठेच नाही. त्याची गरजच नाही!
मास्तरांनी फोटोतल्या बॅगेवर बोट ठेवलं. “तुला काळीज नाही. टिकशील इथे.”
घरी येईपर्यंत हवेत होते.

२८ जून
सासूबाई: “बॅग का गं ठेवलीस? मी कुठे चाललेय?”
म्हटलं, शोभेला.

२ जुलै
फोटो चौकाचौकात लागला. एक प्रत मी जेवणाच्या टेबलासमोर टांगली. नवरा रोज घास चावत बघतो, मी त्याच्याकडे बघते. आज बोलला – “आई किती छान हसते! आपण तिला कधी बाहेरच नेत नाही.” रविवारी दोघं बागेत जाणार! पालथ्या घड्यावर पाणी.

११ जुलै
दादाचा फोन. आईला परवा त्या वृद्धाश्रमात सोडून आला. माझ्या आईला! ओरडले त्याच्यावर – विचारलं तरी का नाहीस?
“अगं, चौकात तुझ्या सासूबाईंचा फोटो बघितला. तूच ठेवलंस ना त्यांना तिथे? किती खूश दिसतात! मग म्हटलं, आपल्या आईलाही ठेवू. दोन दिवस शांत झोप लागतेय बघ.”