आपला ड्रम कितवा?

सुमेधदादा,
जयभीम.

उदगीर जिल्हा झाला, पाणी मात्र आलं न्हाई. टँकरसाठी अजून नंबर टाकलेले ड्रम रांगेत लावतोत.

पुण्याहून रोज बोलायला तुला वेळ नव्हता. म्हणून तू मायच्या फोनात तुझ्या आवाजाचं मशीन बसवून दिलंस. तीन वर्षं ते रोज बोललं. टँकर आला का, गुडघा कसा हाय, सगळं इचारायचं. मायला वाटायचं, तूच हायस.

सोमवारी ती लई बिघडली, तवा मी तुला खरा फोन लावला. तू रडलास. तिनं एवढंच इचारलं, "आपला ड्रम कितवा?"

"कसला ड्रम, माय?"

तिनं फोन माझ्याकडं दिला. "आवाज त्याचा काढतोय, पर हा कुणी चोर हाय. माझ्या लेकाला लाव."

मी मशीन लावलं. त्यानं एकतीस सांगितलं. त्याच्याशी बोलत बोलतच माय गेली.

जलदानविधीला कधी येऊ, असं तू काल इचारलंस. येऊच नको, असं लिहायला बसले होते. पण हे पत्र तुला पाठवणार न्हाई, त्यालाच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "येऊ दे बिचाऱ्याला, पंची. पाहुणा हाय."

त्याची बहीण,
पंचशीला