आईच्या स्टेटसवरची साक्ष

दिव्यानीताई,

मी सध्या आरमोरीत आहो. धानाच्या मिलमध्ये काम भेटलं होतं, मालकाशी जमलं नाई. ते राहू दे. तुझा फोन आता भाऊजीजवळ असते, म्हणून हे पाठवत नाई.

तू माहेरी आली तेव्हा चर्चमध्ये साक्ष दिली, येशूनं पोरीचा ताप उतरवला म्हणून. तू प्रार्थनेले जाते हे सासरी कोणाले माहीत नव्हतं. आईनं तोच व्हिडिओ स्टेटसवर ठेवला.

मी म्हटलं, "काढ ना वं माय, ताईच्या सासरचे पाहतीन."

"साक्ष काऊन लपवाची? पास्टर सांगते, मोबाईलवर देवाचं टाका. तू तर नाचाचे रील टाकते!"

तिनं काढला नाई. तुझ्या सासूनं पाहिला. मी फोन लावला तर भाऊजीनं उचलला. "तिले आता माहेर नाई," म्हणाले अन् कापला.

आईले हे सांगाची हिंमत होत नाई. तुझा फोन येत नाई तर तिले वाटते, तुझ्या सासरी राजुऱ्याकडं नेटवर्क नाई. खुशीत म्हणते, "विहीणबाईनं साक्ष पाहिली रे, तिचं मन वळन." माझ्याशी बोलता बोलता फोनवरच तुझ्या सासूसाठी प्रार्थना करते अन् थांबते, मी आमेन म्हणावं म्हणून.

मी आमेन म्हणतो, ताई.

तुझा भाऊ,
निकेश