धाकलू मार्करवर माझे सलग विजय

२ नोव्हेंबर १९५२, रविवार. सकाळी साडेनऊ.
पावसाळ्यानंतर कोर्ट आज सुरू. शेणाने नवं सारवलंय, चुन्याच्या रेघा ताज्या. पहिलाच सेट धाकलूवर ६–४ ने मारला.
धाकलू आमच्या कारखान्याच्या क्लबातला मार्कर. म्हणजे पगारी खेळाडू. एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही की त्याने खेळायचं, शिवाय कोर्ट सारवायचं, नेट बांधायचं. वय वीस-एकवीस. इंग्रज साहेब गेल्यापासून क्लबात ड्रॉइंग ऑफिसच्या आम्हा सीनियर लोकांनाही घेतात. गेल्या मोसमात मी त्याच्याशी एकतीस सेट खेळलो आणि एकतीसही जिंकले. बहुतेक ६–४. दोनदा ७–५ झालं, तेव्हा मला सर्दी होती.
तरी पोरात काहीतरी आहे. जानेवारीत मुंबईच्या एका जिमखान्यावर मार्करांची स्पर्धा आहे. जो जिंकेल त्याला तिथेच कायमची नोकरी. इथे तो रोजंदारीवर आहे.
निश्चय: धाकलूला मी तयार करणार. त्याला इतक्या वेळा हरवलेला माणूस अंबरनाथमध्ये दुसरा नाही, तेव्हा ही जबाबदारी माझीच.
घरी बायकोला, वेणूला सांगितलं. म्हणाली, आधी मोरीच्या दाराला कडी लावा.

४ नोव्हेंबर. संध्याकाळी.
खेळाडू घडवायचा तर आधी त्याची पार्श्वभूमी हवी. पुढे वर्तमानपत्रवाले विचारतील. वही-पेन्सिल घेऊन धाकलूला बाकावर बसवलं. तो बसेना. शेवटी आम्ही दोघेही उभे राहिलो.
बदलापूरच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाला त्यांची वाडी. बाप नवसू, भात लावतो, उरलेलं वर्ष जंगलात मोळ्या. आई पुतळी लढाईच्या काळात क्लबात कोर्ट सारवायला यायची, तिच्याबरोबर हा आला. एका गोऱ्या साहेबाला जोडीदार मिळेना, म्हणून त्याने याच्या हातात रॅकेट दिली.
विचारलं, बॅकहँड कुणी शिकवला?
“कुणी नाय. बाल त्या अंगाला आला, मंग त्या अंगानं मारला.”
हे छापता येणार नाही. मी लिहिलं: ‘उपजत प्रतिभा, परंतु मार्गदर्शनाचा संपूर्ण अभाव.’

९ नोव्हेंबर, रविवार.
६–४. माझी सर्व्हिस आज फार चांगली पडत होती. धाकलूला तीनदा नेटमध्ये मारायला लावलं.
त्याचं साहित्य तपासलं. लाज वाटावी अशी स्थिती. रॅकेट गोऱ्या साहेबाने टाकून दिलेली. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी. जाळीची तात इतकी ढिली की बॉल लागला की भात पाखडल्यासारखा आवाज येतो. फ्रेम वाकू नये म्हणून लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवायची असते, हा तिला खुंटीवर टांगतो. पायात काही नाही.
म्हणाला, “सवय हाय तिची.”
सवय हाच तर रोग आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार.
धाकलूची रॅकेट घेऊन सायकलने कॅम्पात गेलो. आता त्याला उल्हासनगर म्हणायचं, पण सगळे कॅम्पच म्हणतात. तिथे टहिलराम म्हणून सिंधी गृहस्थ आहेत. कराचीला त्यांचं खेळाच्या सामानाचं मोठं दुकान होतं. इथे बराकीच्या ओट्यावर बसून रॅकेटी विणतात, मधल्या वेळात छत्र्या.
मी सांगितलं, जितकी ताणता येईल तितकी ताणा. पॉवर हवी.
ते म्हणाले, “साईं, ये तात है, खांबावरची तार नाही. खेळतो कसा मुलगा? हलक्या हाताने? तो फिर ढीली अच्छी.”
मी म्हटलं, मी त्याचा ट्रेनर आहे. त्यांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि ताणायला घेतली.
धंदेवाईक माणसाला शास्त्र कळत नाही.

१८ नोव्हेंबर.
तुटली. तिसऱ्याच बॉलला, बंदुकीसारखा आवाज करून. सिक्युरिटीचा माणूस धावत आला.
टहिलरामांनी जुनाट तात वापरली असणार. धाकलूला माझी दुसरी रॅकेट दिली. पंधरा औंस, फ्रेम उत्तम. तो ती दोन्ही हातांनी उचलून पाहत होता. आदराने.

२३ नोव्हेंबर, रविवार.
आता शैली. याच्यावर मी आठवडाभर ऑफिसात काम केलं (जेवणाच्या सुट्टीत). इंग्रजी पुस्तकावरून ट्रेसिंग क्लॉथवर सात ड्रॉइंगं काढली. फोरहँड, साइड एलेव्हेशन. बॅकहँड, प्लॅन. मनगटाचा कोन ३७ अंश. खाली सही, तारीख, स्केल.
धाकलूचा खेळ असा: बॉल जमिनीपासून वीतभर वर असतानाच खालून कापतो. पलीकडे गेला की बॉल उसळतच नाही, शेणावरून सरपटतो. मेंबरांशी खेळताना हे तो फारसं करत नाही, पण एकटा भिंतीवर मारत असला की पाहावं. अत्यंत अशास्त्रीय. हे पहिलं बंद करायला सांगितलं.
“मंग कसा मारू?”
ड्रॉइंग नंबर तीन दाखवलं. बराच वेळ पाहिलं त्याने. मग विचारलं, यातला माणूस कुठला आणि बॉल कुठला.

३० नोव्हेंबर.
६–३! माझी प्रगती.
धाकलूला कॅनव्हासचे बूट आणले होते. दोनदा घसरला, गुडघा फुटला. म्हणे बोटांना जमीन कळत नाही. वेणूने आयोडिन लावलं आणि त्याला भाकरी-पिठलं वाढलं. तो तिच्याशी भरभर बोलतो, माझ्याशी बोलत नाही. शिस्तीचा परिणाम.

७ डिसेंबर, रविवार.
६–२. आता मात्र काळजी वाटते. मी फार वेगाने पुढे चाललो आहे की तो मागे राहतोय?
चहाच्या वेळी वेणूजवळ बोललो. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तुम्ही शिकवायला लागल्यापासून तो जास्त हरतोय, असंच ना?”
म्हटलं, हो, पण माझा खेळही सुधारलाय.
“भिंतीशी खेळताना कसा खेळतो तो?”
भिंतीशी हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नसतो, हे तिला समजावून सांगितलं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पटलं असावं.

१४ डिसेंबर.
धाकलू आज आपणहून घरी आला. हातात स्पर्धेचा फॉर्म, चार घड्या घातलेला. सगळा इंग्रजीत. सेक्रेटरीसाहेबांची सही हवी, वयाचा दाखला हवा, क्लबाचं शिफारसपत्र हवं. कुणाला विचारावं कळेना म्हणून महिनाभर खिशात घेऊन हिंडत होता.
भरून दिला. जन्मतारीख त्याला ठाऊक नाही, आईला विचारून ये म्हटलं. म्हणाला, ज्या साली नदीचं पाणी वाडीत शिरलं त्या साली. ते वर्ष काढायला मी तालुक्याच्या कचेरीत दोन खेपा घालीन. सेक्रेटरीसाहेबांनाही भेटीन. हे किरकोळ काम आहे, पण कुणीतरी करायलाच हवं.
‘ट्रेनर’ असा रकाना फॉर्मवर नाही. निष्काळजीपणा.

२१ डिसेंबर, रविवार.
साहेबांनी सही केली. तीनदा परत पाठवलं, चौथ्यांदा केली. दाखला मिळाला, फॉर्म रजिस्टर पोस्टाने रवाना. धाकलूने पावती माझ्या हातून घेतली आणि टोपीत ठेवली.
आज ६–१.

२५ डिसेंबर. नाताळची सुट्टी.
एक विचार आठवडाभर डोक्यात आहे. मुंबईला उतरण्याइतका तयार असलेल्या खेळाडूला मी ६–१ ने हरवतो. मग मी स्वतः कुठे आहे? कल्याणला एका क्लबाची खुली स्पर्धा आहे, शनिवारी तीन तारखेला. नाव देऊन आलो. सरावासाठी सोमवारपासून सगळी शिल्लक रजा टाकली.
निश्चय: रोज पहाटे दोरीवरच्या उड्या. चहा बंद. तळलेलं बंद.

२६ डिसेंबर.
चहा एकदम बंद करणं हृदयाला घातक असतं, असं ऑफिसात समजलं. दोन कप ठेवले आहेत.

२९ डिसेंबर.
दोरी तुटली. धाकलू सरावाला हजर, ६–१, ६–१. विचारलं, कल्याणला माझा निभाव लागेल ना? रॅकेटच्या मुठीवरची पट्टी सोडून पुन्हा गुंडाळत म्हणाला, “तुमी नका जाऊ, साहेब. थंडी हाय.”
माझ्या तब्येतीची किती काळजी.

३ जानेवारी १९५३, शनिवार. संध्याकाळ.
०–६, ०–६.
कारणं थोडक्यात. (१) कोर्ट मातीचं, शेणाचं नाही. (२) समोरचे गृहस्थ पेन्शनर. छप्पन्न वर्षांचे. अशा वयस्कर माणसावर जोरात मारायला हात होत नाही. (३) उन्हाची तिरीप. साइड बदलल्यावरही होती. (४) ते बॉल माझ्याकडे मारतच नव्हते. जिथे मी नाही तिथेच सारखे मारत होते. धाकलूचा बॉल कसा नीट हातात येतो!
मॅच एकूण सव्वीस मिनिटं चालली. गृहस्थांनी नंतर पाठ थोपटून विचारलं, “नवीनच सुरू केलंत वाटतं?”
वेणूला फक्त ‘हरलो’ एवढं सांगितलं. आकडे विचारले नाहीत तिने.

५ जानेवारी.
धाकलूची स्पर्धा बारा तारखेपासून. मला बरोबर जायलाच हवं. हेडसाहेबांकडे गेलो. रजा शिल्लक नाही. सगळी कल्याणसाठी संपली. बिनपगारी मागितली, नाही म्हणाले.
धाकलू एकटा जाणार. तो मुंबई बंदरावर मजुरीला गेला होता म्हणे एकदा, पण जिमखान्यात कधी नाही.

११ जानेवारी, रविवार.
धाकलू गेला. सात ड्रॉइंगं गुंडाळी करून दिली. बूट आणि माझी रॅकेट त्याने परत आणून दिली, पुसून, प्रेसमध्ये आवळून. म्हणाला, हरवली तर? स्वतःचीच जुनी घेऊन गेला. टहिलरामांकडे आपण होऊन जाऊन विणून आणली होती. बोट मारून पाहिलं. पुन्हा तोच भाताचा आवाज.
संपलं. पहिल्याच फेरीत घरी येईल. माझ्या दोन महिन्यांच्या कष्टांवर पाणी.

१३ जानेवारी.
बातमी नाही. आज कामात लक्ष नव्हतं, ड्रॉइंगमध्ये एका नळकांड्याला तोंडाच्या जागीही तळ काढला. संध्याकाळी क्लबावर गेलो. कोर्ट कोणी सारवलेलं नाही. पोपडे धरलेत.

१६ जानेवारी, शुक्रवार.
पेपरात आलं. शेवटच्या पानावर, बाजारभावांच्या वर. ‘मार्करांच्या स्पर्धेत अंबरनाथचा धाकलू विजयी. अनवाणी खेळून त्याने चारही सामने सरळ सेटमध्ये जिंकले. त्याच्या जमिनीलगत सरपटणाऱ्या फटक्यांना प्रतिस्पर्ध्यांजवळ उत्तर नव्हते. खेळ आपण कोणाकडूनही शिकलो नसल्याचे त्याने सांगितले.’
सहा वेळा वाचलं. बातमीदाराने नीट ऐकलं नसणार. धाकलूला इंग्रजी येत नाही. पण हा पेपर मराठी आहे.
वेणूने मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. शेवटचं वाक्य मी गाळलं. तिने पेपर हातातून घेतला, वाचला आणि परत दिला. म्हणाली, “फॉर्म तुम्ही भरला होता.”

१८ जानेवारी, रविवार.
धाकलू आला. जिमखान्याची नोकरी पक्की, राहायला खोली. येत्या रविवारी क्लबात निरोपसमारंभ. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, प्रदर्शनीय सामना ठेवू, त्याच्यासमोर कोण खेळेल? सगळे एकमेकांकडे पाहू लागले.
मी उभा राहिलो. म्हटलं, याला हरवलेला इथे मीच आहे, रेकॉर्ड माझ्याकडे आहे. कुणीतरी हसलं. असूयेने माणूस असा हसतो.

२५ जानेवारी, रविवार. संध्याकाळी सहा.
जसं झालं तसं लिहितो.
चार वाजता सगळे जमले. ऑफिसर, त्यांच्या बायका, वेणू. धाकलूची आई पुतळी वाडीहून चालत आली होती. खुर्ची दिली तरी ती कोर्टाच्या कडेला जमिनीवर बसली आणि हाताने सारवण चाचपून पाहत राहिली.
टॉससाठी नेटजवळ गेलो. धाकलू हळूच म्हणाला, “साहेब, आज सकाळी इथला हिशेब मिटला माझा. आता मी इथला मार्कर नाय.”
म्हटलं, बरं मग?
“मंग कसा खेळू? नेहमीसारखा, का खरा?”
मला आधी कळलंच नाही. मग कळलं. एकतीस सेट, त्यानंतरचे सगळे, ६–४, ६–३, ६–१. माझा खेळ ‘सुधारत’ होता तसतसा तो आकडा उतरवत होता, मी खूश व्हावं म्हणून. कल्याणला नका जाऊ म्हणाला तेही कळलं. मी नेटची दोरी उगाच ताणून पाहिली. सेक्रेटरीसाहेबांनी शिट्टी वाजवली.
त्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. मी जे सांगीन ते तो करणार होता. ‘नेहमीसारखा’ म्हटलं असतं, तर सगळ्यांसमोर ६–४ ने जिंकलो असतो.
म्हटलं, “खरा खेळ.”
०–६. अकरा मिनिटं. ते सरपटते बॉल मी पहिल्यांदा समोरून पाहिले. बॉल येतो, जमिनीला लागतो आणि नाहीसा होतो. मी एकदा तोंडावर आपटलो. एकंदर तीन पॉइंट मिळाले, त्यात दोन त्याच्या चुकलेल्या सर्व्हिसचे.
टाळ्या फार वाजल्या. पुतळी उठली, येऊन माझ्या पाया पडायला वाकली, मी मागे सरलो. म्हणाली, पोरगा सांगतो, साहेबांनी कागद केला म्हणून झालं.
मग धाकलू आला, माझी रॅकेट उचलून धूळ झटकून हातात दिली. म्हणाला, “साहेब, चौथ्या गेमला तुमचा एक बाल लई झकास आला. मला नाय उचलता आला तो.”
तोच माझा तिसरा पॉइंट. लाइनीवर पडला होता, मीही पाहिला होता.
त्याने तो बॉल मुद्दाम सोडला नव्हता ना, हे मी विचारलं नाही.