ट्रेबल कमी आहे

४ जानेवारी, सकाळी ७.४०

नव्या वर्षाची रोजनिशी. चार दिवस उशीर झाला, कारण पेन सापडत नव्हतं. या घरात वस्तू जागेवर राहत नाहीत, आणि कुठे गेल्या म्हणून विचारलं तर सगळे तोंडातल्या तोंडात बोलतात. बायको, कन्या, सासूबाई, सगळ्या. टीव्हीवर बातम्या देणारेसुद्धा. स्पष्टोच्चाराची परंपरा लयाला गेली. शाळेत आमच्या संस्कृतच्या गुरुजींनी एकेका विसर्गासाठी छड्या मारल्या होत्या, त्या वाया गेल्या.

संकल्प: स्तंभात यंदा अधिक कठोर व्हायचं. चौदा वर्षं दर शनिवारी मी दैनिकात गाण्याच्या यंत्रांवर लिहितोय. स्पीकर, हेडफोन, अ‍ॅम्प्लिफायर. पाचपैकी तारे देतो. लोक तारे बघून खरेदी करतात. ही सत्ता आहे, आणि सत्ता बिघडवते, म्हणून मार्केटिंगवाल्यांपासून मी चार हात लांब राहतो. माझ्यावर मार्केटिंग चालत नाही.

दुसरा संकल्प: रोज चालायला जाणे. उद्यापासून.

५ जानेवारी

चाललो नाही. चपला सापडल्या नाहीत.

मोठ्या कंपनीच्या मार्केटिंगबाईंचं पार्सल आलं. मखमली अस्तराचा डबा, त्यात हेडफोन, वर हाताने लिहिलेलं कार्ड: ‘खास आपल्या कानांसाठी निवडलेली जोडी.’ अशा लाडीगोडीने मी विरघळत नाही. कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवलं. हेडफोन उत्तम. ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक स्वर, लख्ख. साडेचार तारे.

दुसरं पार्सल एका नव्या कंपनीचं. कंपनी कसली, एक बाई आणि त्यांचा धाकटा दीर. शेडमध्ये लाकडी स्पीकर बनवतात. खोकं, रद्दी, सुतळी. कार्ड नाही. आत दुकानाचं लेबल तसंच. म्हणजे फडताळावरची जोडी उचलून थेट माझ्याकडे. इतका निष्काळजीपणा चौदा वर्षांत पाहिला नव्हता.

६ जानेवारी, दुपारी

लाकडी स्पीकर लावले. निराशा. गायिका जाड पांघरुणाआडून गातेय. झांजा वाजतात की नाही हे तबकडीच्या पाठीवर वाचून कळतं. ट्रेबल वाढवायला नॉबही नाही.

गंमत म्हणजे कन्येने आज अभ्यासाला दार उघडं ठेवलं. एरवी माझा सेट सुरू झाला की तिचं दार बंद. सासूबाई तर बाहेरच्या खोलीत येऊन तासभर बसल्या, मान डोलावत. वय शहात्तर. कान गेले की मिणमिणता आवाजच बरा वाटणार, वाईट वाटलं. आता त्यांच्याशी मोठ्याने बोलत जायचं.

७ जानेवारी

सासूबाईंशी मोठ्याने बोललो. त्या हिला म्हणाल्या, जावईबापू माझ्यावर का ओरडतात?

८ जानेवारी

नवा फ्रिज आश्चर्यकारक शांत आहे. दार उघडं राहिलं तर तो सूचना देतो असं पुस्तिकेत लिहिलंय, पण इतक्या नम्रपणे की ऐकूही येत नाही. घरगुती वस्तूंच्या पुरवणीसाठी पाच तारे कळवले. सकाळी दूध नासलेलं निघालं. ही म्हणाली, काल अर्धा तास बोंबलत होता तो फ्रिज, तुम्ही समोर बसून पेपर वाचत होतात. बायकांना अतिशयोक्तीची सवय असते.

९ जानेवारी, शनिवार

स्तंभ आला. लाकडी स्पीकर: एक तारा. ‘गायिका पांघरुणाआडून गाते’ हे वाक्य शीर्षकात घेतलंय. संपादक म्हणाले, झोंबणार हो! सत्य झोंबतंच. दुपारी तृप्त झोप.

१३ जानेवारी

स्पीकरवाल्या बाईंचा फोन. आवाज बारीक, लाइन खराब, वर त्या भरभर बोलत होत्या. शेवटी हिच्याकडे फोन दिला. लाइन लगेच सुधारली, माझं नशीबच असं. ही पंधरा मिनिटं बोलली आणि मग मला सांगितलं: शनिवारपासून तीन दुकानदारांनी माल परत पाठवलाय. शेडमध्ये पंचेचाळीस जोड्या पडून आहेत. दिराने या धंद्यासाठी नोकरी सोडली होती, तो पुन्हा जुन्या साहेबांना जाऊन भेटलाय. महिनाअखेरपर्यंत दुकानदार परतले नाहीत तर शेड सोडावी लागेल. बाईंचं म्हणणं एकच, मला तुमच्या घरी येऊन आवाजाचं माप घेऊ द्या.

मी नाही म्हणालो. समीक्षकाच्या घरी येऊन माप? उद्या शिंपी यायचा.

१४ जानेवारी

बाईंनी संपादकांना पत्र लिहिलं. संपादकांनी ते मला वाचून दाखवलं, दोनदा, दुसऱ्यांदा उगाचच मोठ्याने. म्हणाले, येऊ द्या की त्यांना. तुमचं बरोबर असलं तर भीती कसली?

भीती नाहीच. मंगळवार ठरवला.

१९ जानेवारी, सकाळी ११

बाई आल्या. बेल वाजवली असं म्हणाल्या. कन्येने दार उघडलं. अंगावर सुताराचा एप्रन, खिशात पेन्सिल, हातात माइक आणि लॅपटॉप. घरातल्या सगळ्यांना खुर्च्या देऊन बसवलं, जणू माझी मुंज.

आधी लाकडी स्पीकर मोजले. पडद्यावर रेघ आली, खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत आडवी, सरळ, म्हणजे सगळे स्वर सारखे. मी म्हणालो, यंत्र रसिक नसतं. त्या म्हणाल्या, खरंय. मग माझा रोजचा सेट मोजला, मोठ्या कंपनीने दिलेला, ज्याच्याशी तुलना करून मी सगळ्यांना तारे देतो. रेघ अर्ध्यापर्यंत आडवी गेली आणि मग उजवीकडे जिना चढावा तशी वर. बाईंनी पुन्हा मोजलं. विचारलं, हा दुकानातून आणलात? मी म्हणालो, कंपनीकडून थेट आला. त्या हं म्हणाल्या.

मग म्हणाल्या, एक स्वर वर वर चढवत नेते, ऐकू येईल तोवर हात वर ठेवा. खेळ सोपा. स्वर थोडा चढला आणि बंद झाला. मी हात खाली घेतला. पाहतो तर सासूबाईंचा हात वरच. हिचा वर. कन्येचा वर, आणि दुसऱ्या हाताने कान झाकलेला. मी बाईंना सांगितलं, तुमचा लॅपटॉप बिघडलाय.

कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं. बाईंनी हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीबाहेर बघत होती. खिडकीबाहेर समोरच्यांची भिंत आहे.

१९ जानेवारी, दुपारी ४

कारणं: (१) सर्दी. (२) माझी खुर्ची कोपऱ्यात होती. (३) तीन बायका एकजूट झाल्या की काहीही होऊ शकतं.

२० जानेवारी

कानांची अधिकृत चाचणी करून प्रमाणपत्र घेणार आणि स्तंभासोबत छापणार. विषय संपेल.

२२ जानेवारी

चाचणी झाली. काचेच्या खोक्यात बसवतात, हेडफोन घालतात, ऐकू आलं की बटण दाबायचं. हेडफोन सुमार, दोन तारे. बराच वेळ काही वाजवलंच नाही, म्हणून बटण दाबलं नाही.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. यातली रेघ जिना उतरत होती. कालपरवा पडद्यावर चढलेला जिनाच जणू, उलटा. विचारलं, हे कधीपासून? मी म्हणालो, हे म्हणजे काय? ही म्हणाली, सहा वर्षं. दोघीही एकमेकींशीच बोलू लागल्या.

बाहेर आल्यावर हिला विचारलं, सहा वर्षं सांगितलं का नाहीस? ही म्हणाली, सांगितलं. दर आठवड्याला सांगितलं.

२३ जानेवारी, शनिवार

स्तंभाला सुट्टी कळवली. कारण: प्रकृती. कोणाची ते लिहिलं नाही.

२५ जानेवारी

मार्केटिंगबाईंच्या ऑफिसात गेलो. एकच प्रश्न: माझ्याकडे आहे तोच सेट दुकानात मिळतो ना?

बाईंनी चहा मागवला, खुर्ची माझ्या जवळ ओढली, आणि शाळेतल्या मुलाशी बोलावं तशा गोड, सावकाश, मोठ्या आवाजात म्हणाल्या, साहेब, तुमचा वेगळा असतो ना.

पाच वर्षांपूर्वी मी त्यांच्या तीन यंत्रांना ओळीने ‘ट्रेबल कमी आहे’ म्हणून दोन दोन तारे दिले. चौथ्या वेळी त्यांच्या इंजिनियरने माझ्यापुरता ट्रेबल चढवून दिला. पाच तारे. तेव्हापासून माझ्या नावाची फाइल आहे. मी फाइल पाहायला मागितली. संकोच न करता दाखवली. वर लिहिलंय: ‘वरचे स्वर दुपटीने चढवणे. कार्ड हाताने लिहिणे.’

बाकीच्या कंपन्या? म्हणाल्या, अहो, आम्ही एकमेकींना सांगतो. कोणाचं नुकसान का व्हावं? मग माझे तारे पाहून दुकानात जाणाऱ्याला काय मिळतं? म्हणाल्या, त्याला साधा मिळतो. तोही छानच असतो, साहेब. आम्ही काय वाईट बनवतो का?

म्हणजे पाच वर्षांत माझ्याशी प्रामाणिक वागली ती एकच कंपनी. तिला मी एक तारा दिला.

चहा चांगला होता. तेवढाच सगळ्यांना मिळतो तसा असावा.

२७ जानेवारी

श्रवणयंत्रं बसवली. दोन, शेंगदाण्याएवढी. विकणाऱ्याला फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणता स्वर किती वाजतो ते, विचारलं. तो म्हणाला, काका, आधी घाला तर.

घरी आल्यावर माझा सेट लावला, नेहमीच्या आवाजात. काचेवर खिळा ओढावा तसं झालं. उडी मारून बंद केला. वळून पाहिलं तर तिघी दारात उभ्या. कन्या म्हणाली, बाबा, आम्ही कापूस घालतो. मी विचारलं, पाच वर्षं? ती म्हणाली, आजी आल्यापासून आजीपण. सासूबाई म्हणाल्या, जावईबापूंचा छंद आहे, मोडू कशाला म्हटलं.

मग लाकडी स्पीकर लावले. गायिका पांघरूण टाकून समोर येऊन उभी राहिली. झांजा होत्या. झांजांमागे कोणीतरी घुंगरं वाजवत होतं, तो बिचारा तिथे इतकी वर्षं बसून होता. पूर्ण तबकडी ऐकली. मध्ये फ्रिज बोंबलला. उठून दार लावलं.

२८ जानेवारी

दुरुस्तीचा लेख लिहिला. नऊशे शब्द. त्यातले सातशे मानवी कर्णेंद्रियाच्या इतिहासावर. संपादक म्हणाले, तुम्ही मुद्द्यावर कधी येता? मी म्हणालो, शेवटच्या परिच्छेदात. म्हणाले, तेवढाच छापू.

मी विचारलं, आणि पाच वर्षांचे बाकीचे तारे? तेही मागे घ्यायला हवेत. संपादकांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली. ती मला ऐकू आली. म्हणाले, ते जाहिरातदार आहेत हो. मग स्वतःच म्हणाले, लिहा.

३० जानेवारी, शनिवार

छापून आलं. लाकडी स्पीकर निर्दोष, दोष समीक्षकाच्या कानात. गेल्या पाच वर्षांतले तारे रद्द समजावेत. लेखाखाली चौकट: ‘हा स्तंभ येथे संपत आहे.’ ही चौकट मी लिहिली नव्हती.

दिवसभर फोनची वाट पाहिली. वाजला असता तर आता कळलं असतं.

२ फेब्रुवारी

संपादकांनी नवं काम दिलं: दिवे. टेबललॅम्प, ट्यूब, बल्ब. म्हणाले, डोळे तपासून घ्या आधी.

ही म्हणाली, स्पीकरवाल्या बाईंना फोन करा. केला नाही. काय बोलणार?

६ फेब्रुवारी, शनिवार

माझ्या जुन्या जागेवर आज अर्धं पान जाहिरात. स्पीकरवाल्या बाईंची. साधा फोटो, शेड, दीर एप्रन घालून उभा. खाली एकच ओळ: ‘ज्यांना ऐकू येतं, त्यांच्यासाठी.’

चार वेळा वाचली. अतिशयोक्ती शोधली. व्याकरण तपासलं. विरामचिन्हंसुद्धा. मग बाईंना फोन केला. तिघेही दुकानदार परतलेत, चौथा नवा आलाय, दिराने साहेबांना नकार कळवलाय. आवाज बारीक आहे, पण स्पष्ट. मी म्हणालो, तुमच्या जाहिरातीत मला काहीही चूक सापडली नाही.

बाई म्हणाल्या, अय्या, हे वाक्य पुढच्या जाहिरातीत तुमच्या नावाने छापू का?

हो म्हणालो. तारे किती, ते त्यांनी विचारलं नाही.