नदीत उगवलेली नाचणी

आई, तुला वाचता येत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मुलाला शाळेत घातलं, त्याचे धडे ऐकता ऐकता मीही अक्षरं उचलली, म्हणून आज हे लिहितेय. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही.

डोंगरावरचा वरकस, ती उताराची हलकी जमीन, वाढवायला तूच लावलंस. खालच्या भातात एवढी तोंडं भागत नव्हती. झाडं तोडली, पालापाचोळा जाळला, उतारावर नाचणी पेरली. पीक झकास आलं. पावसात नदी तांबडीलाल वाहायची, पण तांबडं पाणी बघून कुणी घाबरतं का? मग पाऊस सरल्यावर घाटाशी, बाबांची होडी लागायची तिथेच, गाळाचा उंचवटा वर आला. खाडीतून चढणाऱ्या मोठ्या भरतीलाही तो बुडेना. तू पदर खोचून निघालीस, "अगो, फुकटची जमीन!" म्हणत. वालाचं बी टोकायला गेलो तर तिथे नाचणीची रोपं, कुणी न पेरलेली. तुला हसू आवरेना. "बघा, आता नदीपण पेरायला लागली!" बाबांनी एक रोप उपटलं, मुळाची माती बोटांत चोळली. ते लोकांचं भात होडीतून कल्याणच्या बंदरावर न्यायचे, त्यावर वरचा खर्च चालायचा. "नदी कशाला पेरतेय? हा आपला वरकस खाली उतरून आलाय. डोंगर सोड, नाहीतर होडी जाईल." तू म्हणालीस, "होडी खाता येते का?" बाबा घरी येऊन जेवायला बसले. ताटात तुझ्याच नाचणीची भाकरी होती.

पुढच्या माघात तुझा ताप उतरेना. गाडीवाट लांबची, म्हणून होडीतून कल्याणच्या डॉक्टराकडे निघालो. तुझं डोकं माझ्या मांडीवर. घाट सोडला नाही तोच होडी गाळात बसते. बाबा उतरून ढकलतायत, कमरेपर्यंत रुततायत, आणि तू त्या तापातही पुटपुटतेस, "वाल तुडवू नका हो." भरतीची वाट बघत बसलो. भरती आली, होडी सुटली, तेव्हा कल्याणला जायचं कारण उरलं नव्हतं.

बाबांनी होडी विकली आणि रेल्वेच्या कामावर खडी वाहायला गेले. तुला कधी बोल लावला नाही त्यांनी. राग धरला तो मी. जमिनीच्या हावेपायी आई गेली, हे सासरी इतक्यांदा सांगितलंय की पोरांनाही पाठ झालंय.

यंदा धाकट्या दिरानं आमच्या ओढ्यावरचा उतार नाचणीसाठी फोडायचं काढलं. घरात सगळे माझ्याकडे बघत राहिले, ही आता नको म्हणणार म्हणून. कणगीत हात घातला तर तळ लागतो, आई. मी म्हटलं, फोडा. आज सकाळपासून कुऱ्हाडी चालल्यात. मला रडू आलं, पण उठून त्यांची न्याहारी बांधून दिली.