तान्ह्या पोळ्याची डिस्क

वडनेर,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५
सर्वपित्री अमावस्या

सुमीत,

हे पत्र तुझे भाऊजी श्रीधर तुझ्या हातात देतील. दवाखान्याच्या बाकावर बसून वाच, उभ्याने नको. फोन केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मधेच तोडता येत नाही. फाडता येतो, पण तू इतक्यात फाडणार नाहीस, कारण सुरुवातीला तुझं कौतुकच आहे.

आमच्याकडे सगळं ठीक. आज बाबांचं पान वाढलं. कढी-वडे होते, कावळा लगेच आला. श्रीधरना दुपारपासून आंबट ढेकर येताहेत, पण तिसरा वडा मीच वाढला, तेव्हा बोलायला जागा नाही. आईचा सकाळी फोन होता. घट बसायच्या आत सून घरात पाहिजे, अमावस्येला आणायची नाही, म्हणून उद्या सकाळीच तू ईराला दवाखान्यातून जामला नेणार आहेस असं कळलं. "भांड्याले भांडं लागतेच वं यामिनी," आई म्हणाली. "ते काई सांगत नाई, मंजे काई नसनच." ईराच्या जबड्याला तारा बांधल्या आहेत, ती सांगणार कशी, हे मी आईला विचारलं नाही. तिने फोन ठेवला असता.

आता तुझं कौतुक. माझ्या शाळेला हार्ड डिस्क हवी म्हणून मी वर्षभर तुझ्या मागे होते, आणि तू दात कोरून पोट भरणारा माणूस. टायरच्या दुकानात फाटकी ट्यूबसुद्धा कापून तिचे पट्टे विकतोस. असा माणूस एवढी मोठी डिस्क फुकट देतो म्हटल्यावर मी आईला तुझी दृष्ट काढायला सांगितलं होतं. आठवतं, तू स्वतः आणून दिलीस आणि म्हणालास, "कोरी हाये ताई. विंडोजले लावली तं काई दाखवत नाई, नुसतं फॉरमॅट कर म्हनते. तूच करून घेजो. तुमच्या पोरायच्या कामी पडन."

मी कपाटात ठेवून दिली. गणपतीनंतर नववीच्या वर्गाला फाइल सिस्टिम शिकवायची होती, तेव्हा काढली.

हा धडा मी दरवर्षी जीव तोडून शिकवते. डिस्क म्हणजे नुसतं गोदाम. माल कुठल्या फळीवर ठेवायचा आणि मागितला की कसा शोधायचा, याची जी रीत असते ती फाइल सिस्टिम. तुझ्या विंडोजला आपल्या रिती येतात, एनटीएफएस, फॅट-३२, एक्सफॅट. आमच्या शाळेतली मशिनं लिनक्सची. त्यांची स्वतःची रीत ईएक्सटी-४, शिवाय एक्सएफएस वगैरे, आणि विंडोजच्या रितीही ती वाचतात. उलटं होत नाही. लिनक्सच्या रितीने भरलेलं गोदाम विंडोजला सहसा ओळखू येत नाही. मग ते "मला वाचता येत नाही" असं कबूल करत नाही. "वापरायची तर आधी फॉरमॅट करा," असा उलट हुकूम सोडतं. मी पोरांना नेहमी बजावते की अशा वेळी घाईने हो म्हणू नका, माल आत असू शकतो.

हे मी तुलाही कधी शिकवलं असतं तर बरं झालं असतं, असं म्हणणार होते. पण नाही. शिकवलं नाही तेच बरं.

तुझ्या दुकानात कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगचा डबा आहे ना, डीव्हीआर, ज्यातून तू ही डिस्क काढलीस, त्याच्या पोटात बहुतेक वेळा लिनक्सच असतं.

तुला आता कळलं असेल. तरी बस. उठू नको.

मी डिस्क वर्गात लावणारच होते. बरं झालं, आधी एकटीने लावून पाहिली. नुसती वाचण्यापुरती, आत एक अक्षर लिहिलं जाणार नाही अशी. आमच्या मशिनने क्षणात उघडली. तारखांचे फोल्डर, प्रत्येकात तासातासाच्या फायली, शेवटचं फोल्डर तान्ह्या पोळ्याच्या दिवसाचं. चौकशीला आलेल्या जमादाराला तू सांगितलं होतंस की कॅमेरा उन्हाळ्यापासूनच बंद आहे आणि ईरा माळ्यावरची ट्यूब काढताना शिडीवरून पडली. शिडी त्या फायलीत दिसते. भिंतीला टेकलेली, सबंध वेळ जागच्या जागी.

आवाज नाही. ईरा चहाचा ग्लास घेऊन येते. तू एक घोट घेतोस, काहीतरी बोलतोस, ती काहीतरी बोलते. तू उठून शटर अर्धं खाली ओढतोस. मग भिंतीवरची टामी काढतोस, टायर उचकटायची, हातभर लांब लोखंडी. पहिला फटका खांद्यावर. ती पडत नाही, काउंटर धरते. म्हणून दुसरा तू तिच्या बोटांवर मारतोस. बोटं सुटतात. मग तोंडावर. ती खाली गेल्यावर तू वाकून मारत राहतोस. दमलास की कंबरेवर हात ठेवून उभा राहतोस आणि पुन्हा सुरू करतोस, विहीर खणणारा माणूस करतो तसं. रागात माणसाला भान राहत नाही असं तू कोर्टात म्हणशील. भान नसलेला माणूस टामी नळाखाली धुवून परत त्याच खिळ्याला टांगत नाही.

हे सगळं मी पाहू शकले. त्याच्या पुढचं मला दोनदा थांबवून पाहावं लागलं.

शटरखालून पावलं दिसतात. पोरांची, आणि मधे लाकडी बैलाची चाकं. तान्ह्या पोळ्याला बैल दारोदार फिरवत बोजाऱ्याचे पैसे मागायला आलेली पोरं. तू हात पुसतोस, शटर वर करतोस, दारात आडवा उभा राहतोस. बैलाच्या शिंगांना हात लावून नमस्कार करतोस, पोरांच्या हातावर पैसे ठेवतोस, एकीचा गालगुच्चा घेतोस. काउंटरच्या मागे ईराचा पाय हलतो आहे. तू हसतोस, सुमीत. लहानपणी तुझा बैल मी रंगवून द्यायची, तेव्हा हसायचास तसाच.

मी घरी आले आणि खलबत्त्याचा बत्ता उचलून अंगणातल्या दगडावर घालत राहिले. श्रीधर धावत आले. मनगट सुजलं, हे पत्रसुद्धा थांबत थांबत लिहिते आहे. तू समोर असतास तर बत्ता दगडावर पडला नसता, हे तुला माहीत असू दे. एकाच घरात वाढलोय आपण, तुझ्या अंगात आहे ते माझ्याही आहे. माझी इच्छा होती की तुझा जबडा तसाच फुटावा आणि तू घास गिळताना रडावंस. अजूनही आहे.

मी वर्ध्याला ईराकडे गेले. आधी तिला विचारायचं होतं. डिस्क माझ्या हातात असली तरी मार तिने खाल्ला आहे. तू औषध आणायला खाली गेला होतास. मी तिला एवढंच म्हटलं, डिस्क कोरी नाही, त्या दिवशीचं सगळं आहे.

तिने मान माझ्याकडे वळवली. मग तारांमधून, दात न उघडता, बोलली.

"मी पडली नोती ना, ताई?"

मी म्हटलं, "नाई पडली तू."

"ते रोज येऊन सांगते, तू पडली, तू पडली. मले वाटे, पडलीच असन. डोक्याले लागलं नं, तं इसरली असन."

तू रोज संत्री घेऊन तिच्या उशाशी बसायचास. नर्सा म्हणायच्या, काय नवरा आहे. तिथे बसून तू तिला हे सांगत होतास. हाडं जुळतील. पण तू तिच्या डोक्यातलं पुसायला निघाला होतास आणि पुसत आणलंही होतंस. टामीपेक्षा मला ते जास्त लागलं.

मी विचारलं, त्या दिवशी झालं काय होतं. "चहा थंड हाये म्हनले. मी म्हनलं, पुन्हा ठेवतो." बस, एवढंच. त्या फायलीत तिचे ओठ हलताना दिसतात, ते हे.

मग मी विचारलं, डिस्क पोलिसांना देऊ का? तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डाव्या हाताने तिने माझा दंड धरला आणि हो म्हणून मान हलवली. एकदा नाही, थांबेचना. तू जिना चढताना ऐकू आलास तेव्हा तिने हात सोडला आणि डोळे मिटून घेतले.

डिस्क मी ठाण्यात दिली. पंचांसमोर सील झाली, तिच्यात काही ढवळाढवळ झालेली नाही याचा आकडा मशिनने काढला, त्यावर माझी सही आहे. आई मला आयुष्यभर माफ करणार नाही. माझं माहेर बंद झालं, हे सही करतानाच कळत होतं. सही करून बाहेर आले आणि पायरीवर बसून तुझ्यासाठी रडले, हेही खरं. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस. म्हणून काय तिला उद्या तुझ्यासोबत जामला पाठवू? दुसऱ्यांदा ती वाचली नसती. तुलाही ते माहीत आहे.

आज पोलीस म्हणाले, तुला जामला दुकानात धरायचं तर बाजार भरलेला असतो, उगाच गर्दी होईल. तेव्हा मीच म्हटलं, सोमवारी सकाळी तो बायकोला न्यायला येणार आहे, नवी साडी घेऊन. आईने सांगितलं होतं, हिरवी घेतलीस म्हणून.

आता मान वर कर.

समोरच्या बाकावर बसलेल्या बाई पेशंटच्या नातेवाईक नाहीत. जिन्यावर दोघं आहेत. ईराच्या खोलीची कडी आतून लावलेली आहे आणि आत मी आहे. साडी श्रीधरकडे दे. त्यांच्या अंगावर हात टाकू नको, तुझ्या डोक्यावर कॅमेरा आहे. तो चालू आहे, मी विचारून घेतलं.

पत्राच्या वर आशीर्वाद लिहिला नाही, हे तुझ्या लक्षात आलं नसेल. एकच उरला होता, तो ईराला दिला.

दाराच्या आतून,
तुझी ताई
यामिनी