पंपावर राहिलेली बायको

ॲरिझोना, वाळवंटातला मुक्काम
जानेवारी

प्रिय डेल्मर यास,

थोरली बहीण अर्डिस हिचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं इथे खुशाल आहोत (हे वाक्य घालावंच लागतं, म्हणून घातलं). तुझा गुडघा काय म्हणतो? तळं गोठलं असेल आणि तुम्ही लोक त्यावर ट्रक नेऊन, बर्फाला भोक पाडून मासे धरत असाल. इथे उन्हात बसून रेडिओवर तुमच्या थंडीचे आकडे ऐकायचे आणि "बिचारे!" म्हणायचं, एवढाच आम्हा म्हाताऱ्यांचा उद्योग. त्यासाठीच तर दर वर्षी मिनेसोटातलं घर बंद करून ही घरगाडी इथवर हाकत आणायची.

तू म्हणशील, मजा आहे. आहेच. वारा सुटला की सूपच्या वाटीत वाळू, अंथरुणात वाळू, व्हर्लिनच्या कवळीत वाळू. सांडपाण्याची टाकी लवकर भरू नये म्हणून इथल्या बायका (घरी दोन-दोन न्हाणीघरं असलेल्या) बशा धुण्याऐवजी कागदाने पुसतात. तरी मेली भरतेच. मग खुर्च्या आत, दारावरचं कापडी छत गुंडाळायचं, पायरी आत ढकलायची, आणि अख्खा संसार घेऊन गावात टाकी रिकामी करायला जायचं. संडास रिकामा करायला घरासकट निघणारी जमात जगात दुसरी नसेल.

गेल्या आठवड्यात तसेच गेलो. टाकी रिकामी झाली, व्हर्लिन डिझेल भरायला थांबला. मी मागच्या खोलीत आडवी झाले होते, ती बर्फ आणायला उतरले. त्याला सांगून उतरले. त्याने मानही डोलावली (लग्न झाल्यापासून डोलावतोच आहे). बाहेर येऊन बघते तर घर गेलेलं! लोकांचा नवरा जातो, घर राहतं. माझी दोन्ही एकदम गेली. अंगात घरातला झगा, पायात सपाता, हातात बर्फाची पिशवी.

तसं यात नवल काही नाही. बायको मागे झोपलीय असं धरून नवरे खुशाल निघून जातात. दर हिवाळ्यात एकीची तरी पाळी येतेच. त्यामुळे मी हसत उभी राहिले. आमच्या शेजारी व्हॅनमध्ये राहणारी बर्निस आपली टाकी रिकामी करायला तिथे आली, तिने मला उचललं. मुक्कामाला गाडी नाही म्हटल्यावर तिने उत्तरेचा, मिनेसोटाकडचा रस्ता धरला (तिला कसं सुचलं, मी विचारलं नाही. तिचा नवराही शेवटी शेवटी असाच जायचा).

रस्त्याच्या कडेला आमची गाडी उभी होती. आत टेबलावर कॉफीचे दोन कप मांडलेले. मी चढले तसा व्हर्लिन अदबीने उठून उभा राहिला.

"या बाई. आमची अर्डिस दिसली का हो कुठे? उंच आहे. जिभेने जरा तिखट आहे, पण लांब जायची नाही."

मागून बर्निस हळूच म्हणाली, "काही बोलू नकोस गं. बस आधी."

मी बसले. ती कॉफी प्यायले, माझ्याच वाटणीची होती. कप संपत आला तेव्हा त्याला माझी ओळख पटली आणि "बर्फ आणायला एवढा वेळ लागतो का?" म्हणून वर मलाच रागावला. मी भांडले नाही. डेल्मर, मी भांडले नाही, यावरून काय ते समज. मला फार भीती वाटली.

दुपारी चारला सगळे आपापली खुर्ची उचलून गोल करून बसतात, तिथे बायको विसरणाऱ्याने केक खिलवायचा असा दंडक आहे. व्हर्लिनने खिलवला, आणि पंपाची गोष्ट अशी रंगवून सांगितली की लोक पोट धरून हसले. मीही हसले. बर्निस तेवढी केकच्या बशीकडे बघत राहिली.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुझी,
अर्डिस

ता. क. : आईचा लोकरीचा कोट पाठवू म्हणतोस, तो पाठवू नकोस. इथे कसर फार.

आणखी ता. क. : गाडीच्या किल्ल्या मी पिठाच्या डब्यात लपवल्यात. तो रोज सकाळी शोधतो. मीही त्याच्याबरोबर शोधते. हे धूड मला चालवता येत नाही, आणि त्याच्या हाती चाक द्यायचं नाही. तू जन्मभर शाळेची बस चालवलीस. विमानाने ये, ऊन खायला आलो म्हण, आणि परतताना चाक तू धर. मुलांना कळवू नकोस. ती त्याला लगेच कुठेतरी नेऊन ठेवतील.

अगदी शेवटचं : बोटीच्या भांडणापासून तुझं नि त्याचं बोलणं बंद आहे, हे मी विसरलेले नाही. तो विसरलाय. काल विचारत होता, "हा डेल्मर हल्ली येत का नाही गं? मी काही बोललो का त्याला?" मी नाही म्हटलंय. तूही नाहीच म्हण.